दहा दिवस उघडी वाट

मंडळी, ऐका. टाळ जरा मांडीवर ठेवा. खांबाजवळच्या काकू, तुम्ही वाती वळा, थांबू नका. हात चालले की कान जागे राहतात. एक साधा प्रश्न विचारते. आपलं चुकलं हे माणसाला कधी कळतं? लगेच कळतं. मग मागं फिरायला इतके दिवस का लागतात?

माझं माहेर सोलापूरचं, पूर्व भागातलं. लहानपणी आमच्या गल्लीत दिवसभर दोन आवाज. एक मागाचा, आणि दुसरा पुठ्ठ्याला भोकं पाडणाऱ्या हातोडीचा. चादरीवर मोर हवा असेल, तर आधी तो मोर पुठ्ठ्यावर भोकांनी उतरवायचा. जिथं भोक, तिथला धागा वर. एका मोराला चारशे पुठ्ठे! आज तुम्ही बोट टेकवता आणि मोर पाठवता सगळ्या नातेवाइकांना, सकाळी सहाला. असो.

त्या गल्लीत नरहरी येमूल नावाचे विणकर. थोरले. धाकटा भाऊ अंबादास. गावच्या देवाच्या रथावर दरवर्षी चढणारं वस्त्र वडिलांपासून यांच्याच मागावरचं, एक वर्ष चुकलेलं नाही. अंबादासनं एकदा कर्ज काढून संगणक आणला आणि त्याला भोकं पाडणारं यंत्र जोडलं. नरहरीअण्णा सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "बापानं हातोडी दिली, यानं डबा आणला. वेडा झालाय." अंबादास डबा तिथंच ठेवून निघाला. दुसऱ्या दिवशी टॉवेलच्या कारखान्यात कामाला लागला. पाच वर्षं दोघांचं बोलणं नाही. डबा मात्र अण्णांनी ठेवून घेतला हं. माणूस गेला तरी वस्तू चालते आपल्याला.

तर एका दुपारी त्या डब्यावर पाटी आली. नवी आवृत्ती तयार आहे, घेऊ का? अण्णा कारखान्यात एकटे. त्यांना वाटलं, अंबादासलाच काय येतं, आम्हालाही येतं. दिला होकार. तासाभरानं डबा उघडला तो नवा कोरा. रंग काय, चित्रं काय. फक्त एक झालं, भोकं पाडणारं जुनं यंत्र त्याला ओळखेना. नवी सून सासूला ओळखत नाही म्हणाली तर जे होईल, ते झालं.

रथाला चोवीस दिवस उरले होते. पुठ्ठ्यांशिवाय माग मुका.

मग अण्णांनी काय केलं? "माझं चुकलं" म्हणाले? तुम्ही म्हटलं असतंत? हसताय कशाला, समोर तुमच्या सूनबाई बसल्यात, त्यांनाच विचारते. अण्णा म्हणाले, वीज कमी-जास्त झाली. मग म्हणाले, यंत्रात उंदीर गेला. मग बायकोवर आले. "बालामणी, तू फडक्यानं पुसलंस का याला?" ती म्हणाली, "मी देव पुसते, डबा नाही." असे नऊ दिवस गेले. रिकाम्या वेळात अण्णांनी नव्या डब्यावर पत्त्यांचा खेळ मात्र शिकून घेतला.

दहाव्या सकाळी बालामणीनंच शबानाबाईंना बोलावलं. त्या संगणक दुरुस्त करायच्या, कोपऱ्यावर दुकान. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "काका, नवी आवृत्ती कुणी घातली?"

"आपोआप झाली."

"आपोआप होत नाही. होकार दिल्याची वेळ इथं दिसते. दुपारी दीड."

बालामणी म्हणाली, "तेव्हा कामगार जेवायला गेले होते. मी भाकरी वाढत होते."

अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. शबानाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. म्हणाल्या, "जुन्यावर परत जाता येतं. पण ही वाट दहाच दिवस उघडी असते. आज दहावा. नंतर सगळं पुसून पहिल्यापासून मांडावं लागेल, तुमची नक्षीसुद्धा जाईल. आज गेलात तर फक्त नव्यात घातलेलं जाईल."

"त्यात पत्तेच आहेत. जाऊ द्या."

"आणि जुन्यात शिरताना जुना पासवर्ड मागेल. तो आहे ना?"

अण्णांकडे कुठला असणार! जुना डबा कधी विचारायचाच नाही. अण्णांना त्रास नको म्हणून अंबादासनं तशी सोय करून ठेवली होती. पाच वर्षं रोज सकाळी भावानं उघडून दिलेल्या दारातून हे आत जात होते, आणि यांना ते माहीतही नव्हतं.

बालामणीनं फोन लावून हातात दिला. पलीकडून, "वैनी?"

"मी आहे," अण्णा म्हणाले. पलीकडे टॉवेलचे माग खडखडत होते. मग म्हणाले, "अंबादास, होकार मी दिला. माझ्या हातानं. उंदीर नव्हता."

"कसला उंदीर, अण्णा?"

सगळं सांगावं लागलं. कामगारांसमोर, कारण तोवर ते दारात जमले होते. शेवटी अण्णा म्हणाले, "पासवर्ड सांग."

"फोनवर सांगत नसतात. येतो."

दुपारी आला. तासाभरात जुनी आवृत्ती परत बसली. पासवर्डाची पाटी येताच अंबादासनं सगळ्यांकडे पाठ केली, टाइप केलं, आणि यंत्रानं पहिल्या पुठ्ठ्याला भोक पाडलं. ठक्. अण्णांनी हळूच विचारलं, "काय होता रे?"

अंबादास म्हणाला, "ते नाही सांगणार. आणि आता रोज सकाळी विचारेल तो, तशीच सोय केलीय. अडलं की बोलवा."

मंडळी, त्या वर्षीही रथाला वस्त्र वेळेवर चढलं. आणि डबा उघडायला एक माणूस रोज सकाळी सायकलवरून येऊ लागला. बालामणीला एक कप चहा जास्त टाकावा लागला. बाकी काही बदललं नाही.

आता तुमच्याकडे येते. तुम्हीही कुणाकडे तरी "उंदीर होता" असं सांगत बसला असाल. कुणाकडे, ते मी विचारत नाही, चेहऱ्यावर दिसतंय. तुमचा दहावा दिवस कोणता, याची पाटी काही समोर येणार नाही. म्हणून आजचाच धरा. आरती मी दहा मिनिटं थांबवते. देवाला घाई नाही. बाहेर पारावर फोनला रेंज चांगली येते.