शिवीबिगरची नांगरणी

चहा पाजला का हाच किस्सा काऊन सांगाले लावता रे? ऐका मंग. सावली गावाकडच्या कृषी मेळाव्यात नांगरणीची शर्यत होती. माह्ये बैल शिवी खाल्ल्याबिगर पाऊल उचलत नाईत, सारं गाव जाणते. पण आमचा सरपंच मुखरू मंचावरून म्हणे, "भाऊ, समोर बाया बसल्या. शिवी देल्ली का तू बाद!"

मी म्हणलो, "चला राजा, चला बाप्पा."

बैलांनं वळून माह्या तोंडाकडं पाह्यलं. बाकीचे नांगर अर्ध्यावर पोहोचले. तेवढ्यात सरपंचाचा माईक कुंईकुंई करू लागला. त्यानं माईकवाल्याले माईकवरूनच अशी सणसणीत शिवी हासडली, का माह्ये बैल सुसाट सुटले. पहिला आलो!

बक्षिसाची ढाल देल्ली दुसऱ्याले. म्हणे, तुहे बैल शिवीवर चालले. अरे, पण शिवी कोणाची? माफी मांगाले अजून आला नाई तो मुखरू सरपंच!