हॉलमधला बंब

हसा, हसा! तुमच्या हॉलमध्ये सोफा आहे ना, मग हसणारच तुम्ही! आमच्या हॉलमध्ये काय आहे? बंब! पाणी तापवायचा नव्हे हो, आग विझवायचा! लोखंडी चाकं, पितळी पंप आणि दोन्ही बाजूंना हे एवढाले दांडे... आमचे हे कारखान्याच्या आग विझवायच्या खात्यात होते, तिथला हा ह्यांच्याही जन्माआधीचा हातपंप. कारखान्याने तो भंगारात काढला आणि ह्यांनी उचलून थेट घरी आणला! माझं कपाट दारातून जाईना, तेव्हा कपाट दुकानात परत गेलं. बंब जाईना, तर दार उखडलं! मी म्हणते, आग लागलीय कुठे?

बरं, आणला तर आणला, कोपऱ्यात गप्प उभा राहील तर शपथ! आत दट्ट्याला चामड्याचा वॉशर असतो म्हणे. तो वाळला की आक्रसतो, आक्रसला की पाणी ओढत नाही, म्हणून दर रविवारी पाणी भरून पंप मारायचा! एकट्याचं काम नाही ते. इकडून हे आणि आमचा मुलगा, तिकडून मी आणि सासूबाई! एरवी पाण्याचा पेलासुद्धा त्यांच्या हातात द्यावा लागतो, आणि रविवारी? "हाण गं सूनबाई, जोरात हाण!" पाइप खिडकीबाहेर. खालचे वकील रविवारचा पेपर छत्री उघडून वाचतात! अहो, पण आग लागलीय कुठे?

ह्यांना विचारलं की, "अगं, यानं आख्खं गोदाम वाचवलंय, त्याला तोडायला देऊ?" म्हणत पितळेवरून हात फिरवतात. रिटायर झाल्यापासून माणसाला बसवत नाही हो. जिना चढ, जिना उतर, लोकांच्या दारात उभं राहून वास घे, काही जळतंय का. बंब पुसायला घेतला की तेवढे शांत. मला कळत नाही का? कळतं. जीव तुटतो माझा. पण मला माझा हॉल नको? पाहुणे बंबावर बसतात आणि उठताना वंगण घेऊन जातात!

शेवटी मीच संग्रहालयात फोन केला. हो, मीच! ह्यांना समजावलं, "अहो, तिथे चार लोक बघतील तरी." ह्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. काल तिथल्या बाई आल्या, हातमोजे घालून. "वाऽऽ, काय जपलाय! काचेत ठेवू आम्ही." मी खूश! दार काढलेलं, हमाल वाकलेले, आता उचलणार... तर बाई म्हणतात, "आणि निश्चिंत राहा हं, याला आता पाण्याचा थेंबही लागू देणार नाही."

तुम्हाला सांगते, मला काय झालं कुणास ठाऊक... "थेंबही नाही? अहो बाई, चामडं वाळेल! वॉशर आक्रसेल! मग पाणी काय तुम्ही ओढणार?" कोण बोललं हे? मी! बाई गोंधळल्या, "पण वहिनी, तिथे आग लागणारच कुठे?" म्हटलं, "ते तुम्हाला नाही कळायचं! ए, ठेवा रे खाली!" बाई गेल्या, हमाल गेले, मी दार धरून उभी!

हे हळूच जवळ येऊन म्हणतात, "अगं... तिकडे भंगारात ती लाकडी शिडीपण पडलीय. जरा लांब आहे... आणू?"

आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू हो? म्हटलं, "आणा! अर्धी हॉलमध्ये मावेल, उरलेली स्वयंपाकघरात घ्या!"