तीनातला कितवा?

तीनातला एक चालतो, म्हणे. एक काठी टेकत चालतो आणि एक... एक अंथरुणातच राहतो. हे डॉक्टरांनी कुणाला सांगितलं, तर मला, पाचवी नापास माणसाला, आणि गेले पुढच्या खाटेकडे. अहो, तुम्हाला सांगतो, माझा दादा एकच आहे, तो तीनातला कितवा?

आम्ही दोघे फरशी बसवतो. म्हणजे दादा बसवतो, मी सिमेंट कालवतो आणि शिव्या खातो. त्या दिवशी दादा न्हाणीघराच्या कोपऱ्यात उकिडवा बसलेला, म्हणाला, पायाला मुंग्या आल्यात. मी म्हटलं, ऊठ, झटक. संध्याकाळी पाय नव्हतेच... म्हणजे होते, पण दादाचं ऐकत नव्हते. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू म्हणून दोरी असते, तिला सूज आली. सुजेला अख्ख्या अंगात दुसरी जागा मिळाली नाही?

वॉर्डात याच आजाराचे आणखी दोघं. शेजारचे मास्तर बाराव्या दिवशी चालत घरी गेले. सगळे टाळ्या वाजवतायत आणि मी जिन्यात बसून रडतोय, कारण चालणारा एक झाला ना! मग समोरच्या मावशी काठी धरून उभ्या राहिल्या. संपलं. आता दादा कितवा? धावत गेलो, डॉक्टरांना म्हटलं, मास्तरांना तीनातून वगळा, ते बाहेरगावचे आहेत. ते म्हणाले, "अरे, ते तीन म्हणजे हे तीन नव्हेत." मग कोणते? पत्ता द्या, बघून येतो. तर म्हणे, तीन महिने थांब, आत्ता कुणालाच सांगता येत नाही.

दादानं विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, तू पहिला, चालणार.

"गाढवा, तुला थापसुद्धा सरळ मारता येत नाही. माझ्याकडून शीक. तुझ्या वहिनीला रोज सांगतो, अंगठा हलला."

बाहेर बाकावर वहिनी डबा पुसत होती. म्हणाली, "भावजी, आज मीही पाहिला, हलला." माझ्याकडे बघितलं नाही. डबा केव्हाच कोरडा झाला होता, तरी पुसतच होती.

आणि काल सकाळी... दादा झोपलेला, मी पायाशी बसलेलो, आणि तुम्हाला सांगतो, अंगठा हलला. एवढासाच. शप्पथ हलला. तसाच अनवाणी धावत डॉक्टरांकडे गेलो, धापा टाकत सांगितलं.

कागदातून डोकं वर न काढता म्हणाले, "हो रे, तुझी वहिनीही रोज हेच सांगते."