परिषदेला निघालेला फळा

लोणावळ्याच्या फलाटावर दत्तोबा हमाल डोंगरवाडीच्या शाळेचा फळा डोक्यावर घेऊन उभा होता. खाली टेकवला असता तर फलाट कलंडला असता, असं तो आजही शपथेवर सांगतो. पुढ्यात गुरुजी आणि वाडीची सारजाबाई बोलत होते.

"गुरुजी, शाळा कवा उघडनार?"

"शिक्षण-संशोधन मंडळाचा रौप्यमहोत्सव आहे, बाई. वर्षभर पुण्यात परिषदा. मी आणि फळा, दोघंही प्रदर्शनात."

"आन् प्वारं?"

"अहो, त्यांच्यासाठीच तर परिषद!"

"माजी चिमी उद्यापासनं खडी फोडाया जातीया. नाव काढा तिचं."

"अरेरे! थांबा, आमचा विषयच तो. शाळा सोडण्याचं कारण?"

"त्या भाऊच्या डोक्यावर हाय की."

"‘पालकांची अनास्था’ लिहितो. चल दत्तोबा, गाडी आली. फळा जप हं!"