हेंद्रेपाड्याची चावी

चहा घ्या, पण एक ऐका. ज्याचं देणं आहे, त्याला घराचे पेढे देऊ नयेत. मी दिले.

उल्हासनगरात माझं कपड्यांचं दुकान. माल भरायला एका सिंधी शेठकडून पैसे घेतले होते. ते फिटायच्या आधीच बदलापुरात, हेंद्रेपाड्याला, घर घेतलं. आईला एकदा स्वतःच्या घरात दिवा लावायचा होता. बाजाराची रीत म्हणून पहिला पेढा शेठला नेला.

पेढा खाऊन शेठ म्हणाले, "मुबारक हो! मेरा पैसा बाकी और तेरा मकान? चाबी इधर रख. हिसाब पूरा होगा तब ले जा."

मी चावी ठेवली आणि हिशेब पुरा होईपर्यंत त्या घरात पाय ठेवणार नाही, असा शब्द दिला. आम्ही भाड्याच्या खोलीतच राहिलो. आई मात्र दर गुरुवारी बदलापूरला जाऊन बंद दारापुढे रांगोळी काढायची.

शेजारीण विचारायची, "आजी, कोणाकडे आलात?"

"माझ्याच घरी. मुलगा चावी आणतोय."

दोन वर्षांनी शेवटचा हप्ता दिला. आईला जाऊन तेव्हा महिना झाला होता. शेठने चावी पुढे केली आणि विचारलं, "माँजी को जमता है ना उधर?"

"आम्ही राहायला गेलोच नाही, शेठ. चावी तुमच्याकडे होती."

शेठ म्हणाले, "अरे पागल, वो तो बाजार को दिखाने के लिए रखी थी. ताले की दूसरी चाबी नहीं थी तेरे पास?"

होती ना. दोन वर्षं गल्ल्यातच पडून होती. पण शब्द दिला होता.