पत्राला पाय लागला

मला साहित्यातलं फार कळतं असं म्हणता ना, मग हे ऐका. एका गेलेल्या अमेरिकन नवकवीची हाताने लिहिलेली पत्रं बघायला मी ऑफिसला सुट्टी टाकून इथल्या आमच्या श्रूजबरी गावाहून दोन तास ड्राइव्ह करत एका लायब्ररीत गेलो. परवानगी मिळायलाच महिना लागला होता. तिथल्या बाईंनी फोल्डर समोर ठेवलं आणि बजावलं, "पत्रं जपून हाताळा. काही खराब झालं तर पुन्हा प्रवेश नाही."

मी फोल्डर उघडलं आणि एक कागद खाली पडला. त्यावर नेमका माझा बूट! मी झटकन वाकून तो उचलला, डोळ्यांना लावला, कपाळाला लावला. बाई धावतच आल्या.

"हे काय करताय?"

मी टेबलावर रेलून, गहिवरून लेक्चर झोडलं. "आमच्याकडे कागद म्हणजे सरस्वती. पाय लागला की नमस्कार करतो. तुमच्या कवीची माफी मागितली मी."

बाईंनी माझ्या हातातला कागद घेतला, उलटसुलट पाहिला.

"ही तुमची पार्किंगची पावती आहे," त्या म्हणाल्या. "कवीचं पत्र तुमच्या कोपराखाली आहे."