मडक्यातल्या पाच मुठी

"हॅलो?… हॅलो, दौंड?… केडगाव नव्हे हो, दौंड. रेल्वेच्या दवाखान्यातल्या ग्लॅडिसबाई हव्यात… कोण मागतंय? शिरूरहून सलोमीबाई मागताहेत म्हणून सांगा. तेवढं पुरे आहे."

आणि तेवढं खरोखरच पुरे असे. घोडनदीपासून भीमेपर्यंतच्या गावांत भगिनी सेवा मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणून सलोमीबाईंचं नाव निघालं, की बसलेली माणसं उठून उभी राहत. अठ्ठावन्न सालच्या डिसेंबरातली ती सकाळ. शिरूरच्या पोस्टात फोनच्या टेबलापाशी त्या पाठ ताठ ठेवून उभ्या होत्या, पांढऱ्या लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. मागच्या बाकावर मनिऑर्डरीसाठी आलेली रंगुबाई बसली होती. पोस्टमन भिमाजी टपालावर शिक्के मारत होता.

"हं, ग्लॅडिस? अगं, आवाज असा काय येतोय तुझा, विहिरीत बसल्यासारखा?… माझाही तसाच? मग मोठ्यानं बोल. ट्रंक कॉलला कुजबुज चालत नाही… हो, हो, ख्रिस्तात सलाम. आता अहवाल वाच. रविवारी सभा आहे आणि मला तुमची ऐनवेळची धावपळ नको… वाच… थांब. 'अल्पशी सेवा' हे खोड. अल्पशी कशाला? वैशाखात डोक्यावर दुधाच्या पावडरीची पिंपं घेऊन बाया वाड्यावस्त्यांवर हिंडल्या, ती अल्पशी?… नम्रता आपल्या अंगी असावी, ग्लॅडिस, अहवालात नको."

ग्लॅडिस त्यांची जुनी विद्यार्थिनी. मिशनच्या बोर्डिंगात सलोमीबाईंनी तिला बाराखडीपासून शिकवलं होतं. आता ती पन्नाशीला आली होती, दवाखान्यात नोकरी करत होती आणि मंडळाची चिटणीस होती. तरीही सलोमीबाईंशी बोलताना ती उभीच राहते, असं दौंडच्या बायका सांगत.

"पुढं… शिवणवर्गात अनसाबाईचं नाव कशाला घातलंस? ती मशिनीचा खडखडाट ऐकून पहिल्याच दिवशी घरी पळाली… हसू नकोस, कॉल चालू आहे… डोळ्यांच्या औषधाचं लिहिलंस? बरं… आणि मुठींचं?… तेच तर आधी यायला हवं होतं! मंडळ कशावर उभं आहे? तुमच्या भाषणांवर?"

मंडळ उभं होतं ते मुठींवर. सकाळी चूल पेटवण्याआधी घरातल्या बाईनं, जेवणारी जितकी माणसं तितक्या मुठी ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकायची, हा नियम सलोमीबाईंनीच घालून दिला होता. महिन्याच्या पहिल्या शनिवारी म्हस्कू गाडीवान बैलगाडी घेऊन येई, मडकी गोणीत रिकामी करी आणि ते धान्य दौंडला पोहोचवी. तिथं दवाखान्यात पडलेल्या परगावच्या रोग्यांच्या नातलगांना त्याच्या भाकरी मिळत. मडक्यावरून घर कळे. घरात सून आली, मूल जेवायला लागलं, की मूठ वाढे. माणूस देवाघरी गेलं, की त्याची मूठ थांबे. त्यांचे यजमान याकोब मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी सलोमीबाईंनी एक मूठ कमी टाकली होती, आणि तेव्हा त्यांचा हात मडक्याच्या तोंडाशी बराच वेळ थांबला होता.

"आता पुढच्या वर्षाचं वाच… फिरती नर्स, हो… बाळंतिणींसाठी, गावोगाव… नकुशीच ना? भांडगावकडच्या धनगरांची?… चांगली मुलगी आहे. परीक्षेला मीच बसवली तिला… अगं ऐक ना, तिच्या औषधांच्या पत्र्याच्या पेटीचं नंतर सांग. राहणार कुठं ती?"

हा प्रश्न त्यांनी वाटेत सुचल्यासारखा विचारला. खरं तर हा फोन त्या एका प्रश्नासाठीच होता. महिनाभर त्यांनी त्याचा विचार केला होता. माजघराशेजारची खोली झाडून घेतली होती, खिडकीला पडदा लावला होता. नर्सबाईंची व्यवस्था अध्यक्षीणबाईंकडे करावी, असं दौंडकर आपणहून म्हणतील, अशी त्यांची अटकळ होती. आपण होऊन मागणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"कुठं?… न्हावऱ्याला? साखरबाईकडे?… का म्हणून? शिरूरला मोटारस्टँड आहे, दवाखाना आहे… जागा? जागा माझ्याकडे… काय? नाही असं कोण म्हणालं?… म्हस्कू?"

भिमाजीचा शिक्का क्षणभर थांबला.

"त्याला काय ठाऊक माझ्या घरातलं?… मडकं भरलेलं असतं, असेलच… पाच मुठींचं, बरोबर… त्यावरून तुम्ही ठरवलंत? शमुवेल बायकापोरांसह परतला म्हणून?"

जूनमध्ये त्यांचा धाकटा मुलगा शमुवेल बायको आणि दोन मुलांना घेऊन जबलपूरच्या कारखान्यात नोकरीवर गेला होता. थोरला तर कधीचाच आफ्रिकेत स्थायिक झालेला. शमुवेल दसऱ्याला येईल, असं सलोमीबाईंनी गावाला सांगितलं, मग दिवाळीला, मग नाताळला. गावानं मान डोलावली, कारण त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची कुणाची प्राज्ञा नव्हती. त्याचं पत्र येऊन आता दोन आठवडे झाले होते. नोकरी कायम झाली, मुलं तिथल्या शाळेत घातली.

"ग्लॅडिस… ते आलेले नाहीत."

हे त्या हळू बोलल्या. इतक्या हळू, की तो आवाज शिरूरच्या वेशीपर्यंतही पोहोचला नसता.

"…ऐकू आलं नाही?… काही नाही. जाऊ दे… अगं, काही नाही म्हटलं ना… कोण? एक्सचेंज? तीन मिनिटं झाली? आणखी तीन द्या."

रिसीव्हर धरलेला हात त्यांनी बदलला. मागं रंगुबाईच्या बांगड्याही वाजेनाशा झाल्या होत्या. भिमाजी एकाच पाकिटाकडे पाहत उभा होता. सलोमीबाईंनी आयुष्यभर या गावाशी उंबऱ्याच्या आतून बोलणं ठेवलं होतं. गावाला घरात घेतलं नव्हतं.

"ग्लॅडिस, ते आलेले नाहीत! शमुवेल परत येणार नाही!… हो, जबलपूरलाच! कायमचा!… नाही, माझ्याजवळ कुणी नाही! मी एकटी आहे! जूनपासून एकटी आहे!"

पोस्टाच्या भिंतींवर तो आवाज आपटला. तारेत नुसती खरखर होती.

"आता आलं ना ऐकू?… मग बोल काहीतरी… मुठी? मुठी कशा पाच, असंच ना? माझ्याच नियमानं मला विचारतेस, विचार… अगं, मूठ कमी होते ती माणूस मेल्यावर. दुसरी कुठली रीत आपण घातली आहे? जिवंत मुलाची मूठ मी माझ्या हातानं थांबवू? नातवंडांची थांबवू?… ज्वारी खरी होती, ग्लॅडिस. रोज खरीच टाकली. जेवायला तेवढं कुणी नव्हतं."

रंगुबाईनं पदर तोंडाशी नेला. सलोमीबाईंनी मागं वळून पाहिलं नाही.

"काय म्हणतेस?… नकुशीला इकडे हलवतेस? आजच्या आज?… थांब. साखरबाईच्या घरी काय आहे?… सून? कितवा?… नववा लागला? आणि पहिलं मूल दगावलेलं… मग नर्स कुठं हवी, हे मला विचारतेस? न्हावऱ्यालाच राहू दे तिला… नाही, अजिबात हलवायची नाही. अध्यक्ष मी आहे. लिही अहवालात, नर्सचा मुक्काम न्हावरे… हो, माझ्या सांगण्यावरून.

"…तू? तू कशाला येतेस?… नाताळाला सोबत? मला सोबत लागत नाही… कीव नको करूस माझी. कीव करायला मी काही मंडळाच्या यादीतली गरजू बाई नाही… नको म्हटलं ना. नको! रविवारी सभेत भेटू. ठेवते."

त्यांनी रिसीव्हर आपटला, पदर सारखा केला आणि दाराशी गेल्या. बाहेर ऊन चांगलंच वर आलं होतं. दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. घराकडचा रस्ता सरळ होता, त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"बाई," रंगुबाई मागून म्हणाली, "म्या यिऊ का घरापत्तुर?"

"तुझी मनिऑर्डर झाली का?"

"न्हाई अजून."

"मग ती घे आधी."

आणि त्या परत वळल्या. टेबलापाशी येऊन पोस्टमास्तरांना म्हणाल्या, "पुन्हा दौंड मागा."

"लाइनी भरल्यात बाई. टाइम लागंल आता."

"लागू द्या. मला घाई नाही."

दौंड मिळायला दुपार टळली. तोवर पोस्टात किती माणसं आली आणि गेली. सलोमीबाई रंगुबाईच्या शेजारी बाकावर बसून होत्या. रंगुबाईची मनिऑर्डर केव्हाच कनवटीला लागली होती, पण तीही उठली नव्हती. घंटा वाजली तेव्हा सलोमीबाई उठायच्या आधी रंगुबाईच उठली.

"हॅलो?… ग्लॅडिस, मीच आहे… नाही, अहवालाचं काही नाही. नकुशीचंही नाही… मघाशी मी नको म्हणाले… हो, फोन आपटला, ठाऊक आहे… मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं बोलणं राहून जाईल. एक सांग. तुझ्याकडे कोण असतं ग नाताळाला?… कुणीच नाही?… दर वर्षी?… आणि दर वर्षी तू माझ्या हाताखाली सभेच्या खुर्च्या मांडत होतीस, तेव्हा मी विचारलं नाही… नाही ग, विचारलं नाही.

"…ऐक. इथं खोली झाडून ठेवली आहे. खिडकी पूर्वेची आहे, सकाळी ऊन येतं… नाही, दोन दिवसांसाठी नव्हे. सुटी मिळेल तितके दिवस… कीव कर हवी तर. चालेल… काय आणू म्हणून काय विचारतेस? काही आणू नकोस… रडतेस कशाला? बोर्डिंगातही अशीच रडायचीस… हो… हो, एक्सचेंज, कळलं, संपत आलं… ग्लॅडिस, तू ये. तेवढंच. ये."